सेचेन्यी घराणे

सेचेन्यी घराणे हे हंगेरीतील एक सरदार घराणे आहे. सतराव्या शतकात चर्चमधील उच्च पदांच्या आधारे या घराण्याचा उदय झाला आणि १६९७ मध्ये त्याला काउंट हा किताब मिळाला. हंगेरीचे राष्ट्रीय ग्रंथालय स्थापन करणारे फेरेन्त्स सेचेन्यी (१७५४–१८२०) आणि त्यांचे पुत्र, सुधारक, लेखक व १८४८ च्या पहिल्या जबाबदार मंत्रिमंडळातील मंत्री इश्त्वान सेचेन्यी (१७९१–१८६०) हे या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष होत. ज्या विशेषाधिकारांवर घराण्याचे वैभव उभे होते, तेच देशाच्या दारिद्र्याचे कारण असल्याचे इश्त्वान सेचेन्यी यांनी आपल्या ग्रंथांतून मांडले. त्यामुळे या घराण्याचा इतिहास हा हंगेरीतील सरंजामशाहीच्या अस्ताचाही इतिहास ठरतो.

== नाव आणि उगम ==

घराण्याचे नाव उत्तर हंगेरीतील नोग्राद परगण्यातील सेचेन्य या गावावरून पडले. हंगेरियन भाषेत आडनाव आधी व व्यक्तिनाम नंतर लिहितात. त्यामुळे हंगेरीत 'सेचेन्यी इश्त्वान' असा उल्लेख आढळतो. या लेखात मराठी वाचकांच्या सोयीसाठी व्यक्तिनाम आधी दिले आहे.

घराण्याच्या संपत्तीचा पाया ग्यॉर्ग्य सेचेन्यी (मृत्यू १६९५) यांनी घातला. ते प्रथम कालोचाचे आणि १६८५ पासून एस्टरगोमचे आर्चबिशप होते. एस्टरगोमचा आर्चबिशप हा हंगेरीतील रोमन कॅथलिक चर्चचा प्रमुख मानला जाई. त्यांनी मिळवलेल्या जमिनी त्यांच्या नातलगांकडे गेल्या. सम्राट लिओपोल्ड पहिला याने १६९७ मध्ये घराण्याला काउंट हा वंशपरंपरागत किताब दिला. पुढच्या पिढीतील पाल सेचेन्यी (१६४५–१७१०) हे कालोचाचे आर्चबिशप होते. फेरेन्त्स राकोत्सी दुसरा याच्या नेतृत्वाखाली १७०३ ते १७११ या काळात हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध जो स्वातंत्र्यलढा झाला, त्यात त्यांनी बंडखोर आणि दरबार यांच्यात मध्यस्थी करण्याचा प्रयत्न केला. व्हिएन्ना आणि हंगेरियन राष्ट्रपक्ष यांच्यामध्ये उभे राहण्याची ही भूमिका घराण्यात पुढेही दिसून येते.

पश्चिम हंगेरीतील शोप्रोन शहराजवळचे नाग्यत्सेंक हे घराण्याचे मुख्य निवासस्थान बनले.

== फेरेन्त्स सेचेन्यी ==

फेरेन्त्स सेचेन्यी हे अठराव्या शतकातील प्रबोधनाच्या विचारांनी प्रभावित झालेले सरदार होते. त्यांच्या पत्नी युलियाना फेश्तेतिच यांचे बंधू ग्यॉर्ग्य फेश्तेतिच यांनी १७९७ मध्ये केस्तहेय येथे 'जॉर्जिकॉन' ही शेतकी शाळा स्थापन केली. सम्राट जोसेफ दुसरा याच्या सुधारणांच्या काळात फेरेन्त्स सेचेन्यी यांनी शासकीय पदे भूषवली. मात्र त्याच्या केंद्रीकरणाच्या धोरणाशी मतभेद झाल्यावर त्यांनी पदत्याग केला.

हंगेरीविषयीची आणि हंगेरियन लेखकांची पुस्तके, हस्तलिखिते, नकाशे व नाणी यांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला होता. १८०२ मध्ये सम्राटाच्या संमतीने त्यांनी हा संग्रह राष्ट्राला अर्पण केला. या दानातून राष्ट्रीय ग्रंथालय आणि हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालय या दोन संस्थांचा उगम झाला. ग्रंथालय आजही सेचेन्यी यांच्या नावाने ओळखले जाते आणि १९८५ पासून ते बुडाच्या राजवाड्यात आहे.

== इश्त्वान सेचेन्यी ==

=== आरंभीचे जीवन ===

इश्त्वान सेचेन्यी यांचा जन्म २१ सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्ना येथे झाला. ते फेरेन्त्स व युलियाना यांचे सर्वांत धाकटे अपत्य होत. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत १८०९ पासून ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. १८१३ मधील लायपझिगच्या लढाईत मित्रराष्ट्रांच्या सेनापतींकडे संदेश पोहोचवण्याची जोखमीची कामगिरी त्यांनी पार पाडली. १८२६ मध्ये त्यांनी लष्करी सेवा सोडली. तोपर्यंत ते कॅप्टनच्या पदापलीकडे गेले नव्हते.

तरुणपणी त्यांनी इटली, ग्रीस, तुर्कस्तान, फ्रान्स आणि इंग्लंड या देशांचा प्रवास केला. १८२२ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील सरदार मिक्लोश वेशेलेन्यी हे त्यांच्यासमवेत इंग्लंड व फ्रान्सला गेले होते. इंग्लंडमधील कारखाने, रस्ते, घोड्यांची पैदास, क्लब आणि संसदीय व्यवस्था यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यांनी १८१४ पासून रोजनिशी लिहिली. ती मुख्यतः जर्मन भाषेत आहे. त्या काळी हंगेरीतील बहुतेक बडे सरदार घरात जर्मन वा फ्रेंच बोलत, आणि संसदेचे कामकाज लॅटिनमध्ये चाले. सेचेन्यी यांनाही हंगेरियन भाषेवर प्रभुत्व मिळवण्यासाठी प्रौढपणी परिश्रम घ्यावे लागले.

=== विज्ञान अकादमीची स्थापना ===

१८२५ मध्ये प्रेसबुर्ग (आजचे ब्रातिस्लाव्हा) येथे हंगेरीच्या संसदेचे अधिवेशन भरले. ऑक्टोबरमध्ये सेचेन्यी यांनी वरिष्ठ सभागृहात लॅटिनऐवजी हंगेरियनमध्ये भाषण केले. ३ नोव्हेंबर १८२५ रोजी कनिष्ठ सभागृहाच्या बैठकीत हंगेरियन भाषेच्या संवर्धनासाठी एखादी संस्था हवी, अशी चर्चा सुरू होती. त्या वेळी सेचेन्यी यांनी आपल्या जमिनीचे एका वर्षाचे उत्पन्न, म्हणजे ६०,००० फोरिंट, या कामासाठी देण्याची घोषणा केली. त्यापाठोपाठ ग्यॉर्ग्य कारोयी, ग्यॉर्ग्य आंद्राशी आणि आब्रहाम वाय यांनीही देणग्या जाहीर केल्या. १८२७ मध्ये यासंबंधीचा कायदा संमत झाला. १८३० च्या सुमारास हंगेरियन विज्ञान अकादमीचे कार्य सुरू झाले. योझेफ तेलेकी हे तिचे पहिले अध्यक्ष आणि सेचेन्यी उपाध्यक्ष झाले.

१८२७ मध्ये सेचेन्यी यांच्या पुढाकाराने पेश्ट येथे इंग्लिश धर्तीवरील घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि 'नॅशनल कॅसिनो' हा क्लब स्थापन झाला. येथे कॅसिनो या शब्दाचा अर्थ जुगारगृह असा नाही. वृत्तपत्रे, ग्रंथ आणि संभाषण यांसाठी लोकांनी एकत्र यावे, असे ते ठिकाण होते. शर्यतींमागेही घोड्यांची जात सुधारणे आणि विखुरलेल्या जमीनदारांना पेश्टमध्ये एकत्र आणणे हे दोन हेतू होते.

=== 'हितेल' आणि सुधारणांचा कार्यक्रम ===

१८३० मध्ये सेचेन्यी यांचा 'हितेल' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हितेल म्हणजे पत किंवा कर्जव्यवहार. ग्रंथामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. शेतीच्या सुधारणेसाठी त्यांनी व्हिएन्नातील एका बँकेकडे कर्ज मागितले, तेव्हा विस्तीर्ण जमिनीचे मालक असूनही त्यांना नकार मिळाला.

या नकाराचे मूळ १३५१ च्या एका कायद्यात होते. राजा लुई पहिला याच्या काळातील या कायद्यानुसार सरदारांची वडिलोपार्जित जमीन कुळाबाहेर विकता येत नसे आणि कुळ निर्वंश झाल्यास ती राजाकडे जाई. घराण्यांची मालमत्ता अखंड राहावी हा या कायद्याचा उद्देश होता. परंतु जी जमीन धनकोला कर्जफेडीपोटी ताब्यात घेता येत नाही, ती तारण म्हणून निरुपयोगी असते. परिणामी हजारो एकरांचा मालकही भांडवलाला मोताद होता.

सेचेन्यी यांनी या एका प्रश्नातून संपूर्ण व्यवस्थेची चिकित्सा केली. पत नसल्यामुळे शेतीत गुंतवणूक होत नाही. जमीनदाराच्या शेतावर भूदासांना विनामूल्य राबावे लागते, आणि असे वेठीचे श्रम मजुरीवरील श्रमांपेक्षा कितीतरी कमी फलदायी असतात. सरदारवर्ग कर भरत नाही, म्हणून रस्ते व पूल यांसाठी पैसा उभा राहत नाही, आणि रस्ते नाहीत म्हणून पिकलेले धान्य बाजारात पोहोचत नाही. यामुळे विशेषाधिकारांची हानी त्यांचा उपभोग घेणाऱ्यांनाही पोहोचते, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन होते. सेचेन्यी यांनी केवळ न्यायाचे आवाहन न करता सरदारवर्गाला त्याचे स्वतःचे हित दाखवून दिले.

ग्रंथ झपाट्याने खपला आणि त्यावर वादळ उठले. योझेफ देशेव्हफी या सरदाराने १८३१ मध्ये त्याचे खंडन करणारे पुस्तक लिहिले. सेचेन्यी यांनी त्याच वर्षी 'विलाग' या ग्रंथातून त्याला उत्तर दिले. 'श्तादियुम' या तिसऱ्या ग्रंथात त्यांनी बारा कायद्यांचा कार्यक्रम मांडला. वडिलोपार्जित जमिनीवरील निर्बंध रद्द करणे, सरदार नसलेल्यांनाही जमीन धारण करण्याचा हक्क देणे, कायद्यापुढे समानता आणि सार्वजनिक खर्चात सर्वांचा वाटा ही त्यातील प्रमुख कलमे होती. अभ्यवेक्षणामुळे हा ग्रंथ हंगेरीत छापता आला नाही. तो १८३३ मध्ये लायपझिग येथे प्रसिद्ध झाला.

=== साखळी पूल ===

बुडा आणि पेश्ट ही त्या काळी डॅन्यूब नदीच्या दोन तीरांवरील स्वतंत्र शहरे होती. त्यांना जोडणारा होड्यांचा तरता पूल हिवाळ्यात काढून ठेवावा लागे. डिसेंबर १८२० मध्ये वडिलांचे व्हिएन्नात निधन झाले तेव्हा नदीतील बर्फामुळे सेचेन्यी यांना अनेक दिवस पलीकडे जाता आले नाही. कायमस्वरूपी पुलाची कल्पना त्यांच्या मनात या प्रसंगापासून रुजली, असे मानले जाते.

१८३२ मध्ये त्यांनी पुलासाठी संस्था स्थापन केली आणि ग्यॉर्ग्य आंद्राशी यांच्यासह इंग्लंडला जाऊन तेथील पुलांची पाहणी केली. पुलाचा आराखडा विल्यम टियर्नी क्लार्क या इंग्लिश अभियंत्याने केला, बांधकामावर अ‍ॅडम क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याची देखरेख होती आणि व्हिएन्नातील सावकार जॉर्ज सिना यांनी भांडवल उभारले. नावसाधर्म्य असले तरी दोन्ही क्लार्क एकमेकांचे नातलग नव्हते.

पुलाचे राजकीय महत्त्व त्याच्या पथकरात होते. पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाने, मग तो सरदार का असेना, पैसे भरावेत अशी तरतूद १८३६ च्या कायद्यात करण्यात आली. रक्कम किरकोळ होती. पण सरदारवर्गाच्या करमुक्तीला कायद्याने पडलेले हे पहिले खिंडार होते. काउंट अंताल त्सिराकी या उच्चपदस्थ न्यायाधीशाने आपण या पुलावर कधीही पाऊल ठेवणार नाही असे जाहीर केल्याचे सांगितले जाते.

२४ ऑगस्ट १८४२ रोजी पायाभरणी झाली. दोन मनोऱ्यांमधील अंतर सुमारे २०२ मीटर असलेला हा झुलता पूल २० नोव्हेंबर १८४९ रोजी वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत क्रांतीचा पराभव झाला होता आणि सेचेन्यी व्हिएन्नाजवळील रुग्णालयात होते. पूर्ण झालेला पूल त्यांना ओलांडता आला नाही.

=== जलमार्ग आणि दळणवळण ===

१८३० मध्ये सेचेन्यी यांनी 'डेस्डेमोना' नावाच्या होडीतून डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रापर्यंत प्रवास केला. नदीचा संपूर्ण प्रवाह जहाजांना खुला झाल्यास हंगेरीचे धान्य समुद्रापर्यंत पोहोचेल, हा विचार त्यामागे होता. १८३३ मध्ये खालच्या डॅन्यूबच्या सुधारणेसाठी त्यांची शासकीय आयुक्त म्हणून नेमणूक झाली. अभियंता पाल वाशारहेयी यांच्या साहाय्याने 'लोहद्वार' या अरुंद व खडकाळ घळीच्या भागात सुरुंगाने खडक फोडण्यात आले आणि कड्यांच्या पोटातून एक रस्ता काढण्यात आला. या रस्त्याला सेचेन्यी यांचे नाव मिळाले. घळीतील मुख्य जलमार्ग मात्र १८९६ मध्ये पूर्ण झाला.

बालाटोन सरोवरातील पहिली आगबोट 'किशफालुदी' १८४६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांनी सुरू झाली. त्याच वर्षी तिसा नदीच्या नियमनाचे काम सुरू झाले. वळणे छेदून आणि बांध घालून पुढील दशकांत या नदीची लांबी सुमारे १,४०० किलोमीटरवरून सुमारे ९६६ किलोमीटरवर आणण्यात आली. पुराखालची विस्तीर्ण जमीन लागवडीस मिळाली. त्याचबरोबर मैदानी प्रदेशातील पाणथळ जागा आणि त्यांवर अवलंबून असलेले मासेमारीसारखे व्यवसाय आटले.

१८३६ मध्ये सेचेन्यी यांनी क्रेसेन्स झाइलर्न या विधवा काउंटेसशी विवाह केला. बेला (१८३७–१९१८) आणि ओडॉन (१८३९–१९२२) हे त्यांचे पुत्र होत.

=== कोशुत यांच्याशी मतभेद ===

१८४० मध्ये लायोश कोशुत यांनी पेश्ट परगण्याच्या सभेत सेचेन्यी यांचा 'सर्वश्रेष्ठ हंगेरियन' असा गौरव केला. हे बिरुद आजही प्रचलित आहे. मात्र लवकरच दोघांमध्ये तीव्र संघर्ष सुरू झाला. कोशुत हे सामान्य सरदार कुटुंबातील वकील व पत्रकार होते. जानेवारी १८४१ पासून ते 'पेश्ती हिर्लाप' या वृत्तपत्राचे संपादन करू लागले. त्यांचे अग्रलेख मध्यम व लहान जमीनदारांत अत्यंत लोकप्रिय झाले.

सेचेन्यी यांनी १८४१ मध्ये 'पूर्वेचे लोक' या ग्रंथातून कोशुत यांच्यावर टीका केली. भूदासांची मुक्ती, करसमानता आणि औद्योगिक विकास ही दोघांचीही उद्दिष्टे होती; वाद मार्गाविषयी होता. सेचेन्यी यांच्या मते सुधारणा सुशिक्षित सरदारांच्या नेतृत्वाखाली, व्हिएन्नाशी समजुतीने आणि क्रमाक्रमाने व्हायला हव्यात. जनभावना चेतवल्यास हॅब्सबर्ग सत्तेशी युद्ध अटळ होईल आणि त्यात हंगेरी टिकणार नाही. कोशुत यांच्या मते बडे सरदार स्वखुशीने हक्क सोडणार नाहीत. त्यांच्यावर लोकमताचा दाब आणणे आवश्यक आहे. पथकराच्या कायद्याला झालेला विरोध पाहता कोशुत यांचा मुद्दा निराधार नव्हता.

राष्ट्रीयत्वाच्या प्रश्नावरही सेचेन्यी यांची भूमिका वेगळी होती. हंगेरीच्या राज्यात स्लोवाक, रोमानियन, क्रोएशियन, सर्ब आणि जर्मन भाषकांची मोठी संख्या होती. नोव्हेंबर १८४२ मध्ये अकादमीसमोर केलेल्या भाषणात सेचेन्यी यांनी त्यांच्यावर हंगेरियन भाषा लादण्याच्या वृत्तीचा निषेध केला. भाषेचा प्रसार सक्तीने होत नाही, तिच्या संस्कृतीच्या आकर्षणाने होतो, असे त्यांचे मत होते. भाषेसाठी वर्षाचे उत्पन्न देणाऱ्या पुरुषाकडून आलेली ही टीका श्रोत्यांना रुचली नाही आणि त्यांची लोकप्रियता आणखी घटली.

=== १८४८ ची क्रांती ===

१५ मार्च १८४८ रोजी पेश्टमध्ये क्रांती झाली. एप्रिलमध्ये लायोश बात्यान्यी यांच्या नेतृत्वाखाली हंगेरीचे पहिले जबाबदार मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यात कोशुत अर्थमंत्री, फेरेन्त्स देआक न्यायमंत्री आणि सेचेन्यी सार्वजनिक बांधकाम व दळणवळण मंत्री होते. एप्रिलच्या कायद्यांनी वेठ रद्द केली, करांची सर्वांवर समान आकारणी केली आणि १३५१ च्या कायद्याचा तत्त्वतः शेवट केला. 'श्तादियुम'मधील अनेक कलमे अवघ्या काही आठवड्यांत कायदा बनली. पंधरा वर्षांपूर्वी हीच कलमे देशात छापण्यासही मनाई होती.

मंत्री म्हणून सेचेन्यी यांनी पेश्ट हे केंद्र धरून देशभर पसरणाऱ्या रेल्वेजाळ्याच्या योजनेवर काम केले. परंतु उन्हाळ्यात व्हिएन्नाशी तणाव वाढत गेला आणि सर्ब व क्रोएशियन प्रदेशांत सशस्त्र संघर्ष उभा राहिला. ज्या युद्धाची भीती ते अनेक वर्षे बोलून दाखवत होते, ते समोर दिसू लागले. देशाच्या विनाशाला आपणच कारण झालो, आपण सुधारणांना आरंभ केला नसता तर हे घडले नसते, ही अपराधाची भावना त्यांना ग्रासू लागली. सप्टेंबर १८४८ च्या आरंभी त्यांचे मानसिक स्वास्थ्य पूर्णपणे ढासळले आणि त्यांना व्हिएन्नाजवळील डोब्लिंग येथील खासगी मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले.

१८४९ च्या ऑगस्टमध्ये रशियन सैन्याच्या मदतीने ऑस्ट्रियाने हंगेरीचा पराभव केला. कोशुत परागंदा झाले. ६ ऑक्टोबर १८४९ रोजी बात्यान्यी यांना पेश्टमध्ये गोळ्या घालून मारण्यात आले आणि त्याच दिवशी अराद येथे तेरा हंगेरियन सेनानींना देहदंड देण्यात आला.

=== डोब्लिंग आणि मृत्यू ===

काही वर्षांनंतर सेचेन्यी यांची प्रकृती सुधारली; मात्र ते रुग्णालयातच राहिले. १८५७ च्या सुमारास त्यांनी पुन्हा लेखनास आरंभ केला. ऑस्ट्रियाचे गृहमंत्री अलेक्झांडर बाख यांच्या निरंकुश कारभाराची स्तुती करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध झाली होती. तिला उत्तर म्हणून त्यांनी जर्मन भाषेत एक उपरोधिक ग्रंथ लिहिला. तो १८५९ मध्ये लंडन येथे निनावी प्रसिद्ध झाला. व्हिएन्नाशी समजुतीचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या सेचेन्यी यांनी या ग्रंथात त्या राजवटीवर अत्यंत जहाल टीका केली.

मार्च १८६० मध्ये पोलिसांनी रुग्णालयातील त्यांच्या खोल्यांची झडती घेऊन कागदपत्रे जप्त केली. पुढे खटल्याची व हद्दपारीची शक्यता निर्माण झाली. ८ एप्रिल १८६० रोजी, ईस्टरच्या पहाटे, ते खोलीत मृतावस्थेत आढळले. त्यांनी आत्महत्या केली होती. नाग्यत्सेंक येथे घराण्याच्या समाधिस्थळी त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यासाठी देशभर झालेल्या शोकप्रार्थनांना निरंकुश राजवटीविरुद्धच्या मूक निदर्शनांचे स्वरूप आले. १८६७ मध्ये देआक यांच्या प्रयत्नांतून ऑस्ट्रिया व हंगेरी यांच्यात समझोता झाला आणि हंगेरीला अंतर्गत स्वायत्तता मिळाली.

== पुढील पिढ्या ==

बेला सेचेन्यी यांनी १८७७ ते १८८० या काळात स्वखर्चाने पूर्व आशियाची वैज्ञानिक मोहीम काढली. ही मोहीम भारतमार्गे चीनमध्ये गेली. तीत भूगर्भशास्त्रज्ञ लायोश लोत्सी आणि भूमापक गुस्ताव्ह क्राइटनर यांचा समावेश होता.

ओडॉन सेचेन्यी यांनी १८६७ मध्ये 'हाबलेआन्य' या छोट्या आगबोटीतून पेश्ट ते पॅरिस असा नदीमार्गे प्रवास केला. पेश्टच्या अग्निशमन दलाच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. १८७४ मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि तेथे त्यांनी ऑटोमन साम्राज्याचे आधुनिक अग्निशमन दल उभारले. धर्मांतर न करता त्यांना पाशा हा किताब मिळाला.

विसाव्या शतकात लास्लो सेचेन्यी (१८७९–१९३८) यांनी वॉशिंग्टन व लंडन येथे हंगेरीचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून काम केले. झिगमोंद सेचेन्यी (१८९८–१९६७) हे शिकारी व प्रवासलेखक म्हणून प्रसिद्ध होते. 'नहार' हे त्यांचे पुस्तक भारतातील प्रवासावर आधारित आहे. १९४५ च्या जमीनसुधारणेत हंगेरीतील बड्या जमीनदारांच्या जमिनी गेल्या आणि १९४७ च्या कायद्याने सरदारकीचे किताब रद्द झाले.

== वारसा ==

साखळी पुलाला पुढे इश्त्वान सेचेन्यी यांचे नाव देण्यात आले. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवला. पुनर्बांधणीनंतर तो २० नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे पहिल्या उद्घाटनाच्या शताब्दीदिनी, पुन्हा खुला झाला. पुलाच्या पेश्टकडील टोकाला विज्ञान अकादमीची इमारत असून तिच्यासमोरील चौक सेचेन्यी यांच्या नावाने ओळखला जातो. हंगेरीच्या ५,००० फोरिंटच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. नाग्यत्सेंक येथील वाड्यात त्यांचे स्मारक संग्रहालय आहे. हा वाडा २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील फेर्तो सरोवर परिसराचा भाग आहे.

हंगेरीच्या इतिहासलेखनात सेचेन्यी आणि कोशुत यांच्यातील वाद 'सुधारणा की क्रांती' या स्वरूपात वारंवार मांडला गेला आहे. सेचेन्यी यांची युद्धाविषयीची भीती खरी ठरली. परंतु त्यांनी मांडलेल्या सुधारणांपैकी सरदारवर्गाने क्रांतीपूर्वी स्वेच्छेने स्वीकारलेल्या फार थोड्या होत्या. वेठीची समाप्ती आणि करसमानता १८४८ च्या क्रांतीनेच घडवून आणली. क्रांती दडपल्यानंतर विजयी ऑस्ट्रियालाही भूदासांची मुक्ती मागे घेता आली नाही, आणि सेचेन्यी यांना कर्ज नाकारले जाण्यास कारणीभूत ठरलेली १३५१ ची वडिलोपार्जित जमिनीची व्यवस्था १८५२ मध्ये सम्राटाच्याच हुकुमाने प्रत्यक्षात संपुष्टात आली.